हिरवी भुजली

१८ ऑगस्ट २०१०
व्हेनिस, जहाजावरून

तू माझं नाव घेतलं. गोंदिया टेशनावर, गाडी लागलेली, चहावाले-हमाल सारे ऐकून राहिले, अन् तू एक पाय डब्याच्या पायरीवर ठेवून म्हटलं, "पार्वताबाई, तुम्ही जा. मी येत नाही." अन् तो पाय खाली घेतला. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं तं हे बोलाले. जिच्या कानात भुजलीचे, गव्हाचे कोंभ खोचले तिले भुजलीच म्हणायचं, तिचं नाव मरेपर्यंत घ्यायचं नाही, हे आता मी तुले शिकवावं काय? तुझ्या अल्कानं अन् माझ्या अतुलनं लग्न केलं तेव्हा तू बोलणं टाकलं, ते मी सोसलं. भांडणात माणूस बोलणं टाकते. पण नाव तेव्हाही घेतलं नव्हतं. अन् वरून 'तुम्ही'. मी काय तहसीलदाराची बायको आहो?

झालं. हे पहिले लिहून टाकलं, आता हात मोकळा झाला.

भुजली, माझा जयभीम घे, तुझा रामराम तुझ्यापाशी ठेव, भेटीत देशील. पाकिटावर तुझं नाव रंजितानं लिहिलं आहे, मी नाही. नातीवर आपलं बंधन नाही. जर्मनीत राहून अल्कानं तिले मराठी लिहाले शिकवलं, 'ळ' अजून उलटा काढते. अतुलनं उदाराम पोस्टमनले फोन लावून सांगितलं आहे, पाकीट बुढीच्याच हाती द्या. अन् दुर्गेश, मधात तू फोडून बसला असशील तं बस. डोळे दुखतील तुझे, अक्षर लागणार नाही. माझं अक्षर तुझ्या मायशिवाय कोणाले लागत नाही. निर्मलाबाईच्या साक्षरता वर्गात आम्हा दोघींत एकच पाटी होती.

आता कामाची गोष्ट. अल्काले पाचवा महिना लागला आहे. तुले माहीत आहे, तरी लिहिते, कारण माहीत असून तू पाय खाली घेतला. छत्तीस वर्षांची आहे ती. मधात एक गेलं, तेही तुले माहीत आहे. रंजिताच्या वेळी नागपुरात बाळंतपण मी केलं, तू आली नाही. तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपे. यावेळी तिनं अतुलले एकच मागितलं, मायनं यावं. दागिना नाही, साडी नाही.

जहाजाचं खूळ अतुलचं. मले म्हणे, "आई, घरी आणलं तं तुम्ही दोघी दोन खोल्यांत बसाल. जहाजावर एक खोली, दोन पलंग, अन् चहूकडे पाणी. पळाल कुठं?" मी म्हटलं, आठ दिवस कोंडायचं तं आमगावच्या लॉजात कोंड, स्वस्तात होईल. तं म्हणे अल्काले चालणं मना आहे, जहाजात बसल्या बसल्या जुनी जुनी बंदरं पाहून होतात. मंग तू पासपोर्टले नागपूरले आली, एकाच जीपमध्ये. तू त्या खिडकीनं पाहो, मी या खिडकीनं. बोललीस नाही, पण आली. मले वाटलं जमलं.

तुझा पलंग माझ्या बाजूले आहे. पांढरी चादर घडी करून ठेवली आहे, त्याच्यावर टॉवेलाचा हंस करून बसवला. रोज कोणी हंस करून ठेवते म्हणते अतुल. तुझ्या हंसाले मी हात लावला नाही.

अल्का अन् रंजिता इथंच येऊन भेटल्या, जर्मनीहून रेल्वेनं. अल्कानं पहिले माझ्या मागं पाहिलं, मंग माझ्या पाया पडली. मी सांगितलं, तुझ्या मायले ताप आला, डॉक्टरनं नको म्हटलं. अतुलनं मान हलवली. खोटं बोलाले मले जड जात नाही, पण ती पोरगी लगेच पटल्यासारखी 'बरं' म्हणते, ते जड जाते.

हे गाव पाण्यात उभं आहे. घराच्या उंबऱ्याले पाणी, रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत घर बांधल्यासारखं. माणसं नावेनं भाजी आणाले जातात. लोक येऊन येऊन फोटो काढतात. आपल्या गावात पुरात असंच होते, तेव्हा कोणी येत नाही.

अन् हो, तुझी थैली माझ्यापाशी आहे. अतुलनं आधीच डब्यात चढवून बाकाखाली सारली होती, तू उतरली, थैली राहिली. तिले मी हात लावलेला नाही. दुसऱ्याची थैली मी खोलत नाही.


१९ ऑगस्ट
बारी, इटली

थैली खोलली.

वास येऊन राहिला होता. जवसाचा. बंद खोलीत जवसाचा वास कसा पसरते तुले माहीत आहे, अन् मले वाटलं लाडू खवट होतील. एवढंच कारण. तू दुसरं काही समजू नको.

लाडू वर होते. खाली तुझं ते अंजिरी लुगडं, फाडून चौकोन केलेले, काठ दुमडून शिवलेले. हातशिलाई. तुले डाव्या डोळ्यानं दिसत नाही म्हणते दुर्गेशची बायको, तं हे टाके कोणी घातले? लेकराच्या अंगाले नवं कापड लागू नये म्हणून जुनं मऊ लुगडं, ते तूच केलं. अन् अगदी तळाशी धुडक्यात बांधलेले गहू अन् बुरडाची एक लहान टोपली.

गहू पाहून मी पलंगावर बसली.

बाळंतिणीले कोणी टोपली अन् गहू नेत नाही. तू कॅलेंडर पाहिलं होतं. राखी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी भुजली, अन् त्या दिवशी आपण जहाजावर राहू, हे तू मोजून ठेवलं होतं. तुले माझ्यासंगं गहू पेरायचे होते. मंग माझं नाव काऊन घेतलं, हे मी आज दिवसभर विचार करून राहिली.

तुले एक गंमत सांगते. बारी हे फार जुनं बंदर आहे, मोठं देऊळ आहे, मोठा किल्ला आहे. अतुल तिकडे घेऊन जात होता. मी एका गल्लीत थांबली ते थांबलीच. घरासमोर, रस्त्यातच, बुढ्या पाटावर बसून कणकेचे बोटाएवढे तुकडे कापून अंगठ्यानं दाबून राहिल्या होत्या. एकेक तुकडा कानाच्या पाळीसारखा. जाळीवर वाळत घातलेले. मी म्हटलं, अतुल, तू किल्ला पाहून ये, मी इथं बसते. आपण लग्नात शेवया-सरगुंडे करत बसत होतो तसंच हो, फक्त यांना गाणं येत नाही. एका बुढीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिनं सरकून जागा दिली. मी चार तुकडे दाबले. तिनं उचलून पाहिले, दोन ठेवले, दोन परत कणकेत टाकले. मले राग आला अन् बरंही वाटलं. खोटी तारीफ करणारी बाई नव्हती.

मंग मी पिशवीतून तुझी टोपली काढून दाखवली. माती पाहिजे म्हणून जमिनीकडे बोट केलं, पण गल्ली सारी फरशीची. ती उठली, तिच्या दारात तुळशीसारखं एक झाड होतं कुंडीत, त्यातली माती पंजानं काढून टोपलीत घातली. कायले पाहिजे, विचारलं नाही. आपल्या इथं शेजारणीनं विचारलं असतं.

पेरलं. खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, वरून तुझ्या लुगड्याचा एक तुकडा झाकला. अंधार चांगला आहे. भुजलीले उजेड लागला नाही पाहिजे, पिवळीधम्मक निघाली पाहिजे. पाणी मी घालते. अतुलले सांगितलं नाही, जहाजात माती आणाले मना आहे म्हणे.

लाडू अल्काले दिले नाहीत. दिले तं ती विचारेल.


२१ ऑगस्ट
इझमीर, तुर्कस्तान

दिले. ठेवून खवट करावे काय?

एक घास खाल्ला अन् थांबली. म्हणे, "जवस जास्त भाजला. हे मायनं केले." मंग म्हणे, "आई, मायले ताप होता तं लाडू कव्हा केले?"

अतुल खिडकीतून समुद्र पाहाले लागला, जसा काही तिथं पहिल्यांदा समुद्र आला होता. मी सांगून टाकलं. टेशनापर्यंत आली होती, दुर्गेश मोटरसायकलनं मागून आला, प्लॅटफॉर्मवर उभा राहिला, अन् ती उतरली. नाव घेतलं ते सांगितलं नाही. ते तुझं माझं आहे.

अल्का रडली नाही. लाडू पूर्ण खाल्ला, तळहाताला लागलेला चुरा खाल्ला, अन् म्हणे, "दादा काय बोलला?" मी म्हटलं, काही नाही. तेही खरंच आहे. दुर्गेश एक शब्द बोलला नाही, हात मागं बांधून उभा होता. त्याच्या पोरीले, रुचीले, पाहाले पाहुणे येऊन राहिले आहेत, साऱ्या समाजात चर्चा होईल, आजी कोणाच्या घरी जाऊन जेवते. हे बोलायची गरज काय, तो उभा होता तेच बोलणं होतं. अन् तूही मोठ्यानं बोललीस. माझ्याशी बोलायचं असतं तं हळू बोलली असती, मी हातभर अंतरावर होती. ते नाव तू त्याच्या कानासाठी घेतलं, हे मले आज समजलं, एफेससच्या उन्हात. समजलं म्हणून राग गेला असं नाही.

एफेसस म्हणजे पडकं शहर. मोठमोठे खांब, वर छप्पर नाही. कोणत्या राजाचं, अतुलनं सांगितलं, मी विसरली. एक मात्र विसरणार नाही. दगडाचा लांब ओटा, त्याले ओळीनं भोकं, खालून पाण्याची नाली. संडास. दोन हजार वर्षांआधीचा. माणसं बाजूबाजूले बसून गप्पा मारत म्हणे. अन् आपल्या ग्रामपंचायतीचे लोक आताआता पाटी रंगवून गेले, उघड्यावर बसू नका. मी रंजिताले म्हटलं, मी अन् तुझी दुसरी आजी पहाटे लोटा घेऊन जात होतो तेव्हा अशाच बाजूबाजूले बसून गप्पा मारत होतो, फक्त दगड नव्हता. ती इतकी हसली की गाईडनं मागं वळून पाहिलं.

मंग तिनं विचारलं, "तुम्ही तिला भुजली का म्हणता? नाव का नाही घेत?" तिथंच पायरीवर बसून सांगितलं. तुले आठवते तसं सांगितलं की नाही पाहा.

आपण लहान होतो, फ्रॉकातल्या. तलावावर सारं गाव भुजली पाण्यात शिरवाले आलं होतं. तुमच्या पोवारांच्या बाया पुढं, आमची बायामाणसं मागं, दूर काठावर. तू टोपली घेऊन धावत मागं आली, पिवळे कोंभ तोडले अन् माझ्या कानामागं खोचले. मी तुझ्या कानात खोचले. झालं. आता ते कोणी काढू शकत नव्हतं. तुझी माय तुले ओढत विहिरीवर घेऊन गेली, डोक्यावरून बादल्यावर बादल्या ओतल्या, राखेनं केस घासले. दुसऱ्या दिवशी तू लाल कान घेऊन आमच्या वस्तीच्या तोंडाशी उभी, अन् जोरानं हाक मारली, "भुजलीऽ". नाव नाही घेतलं.

मंग आम्ही दीक्षा घेतली. बाबानं घरातले देव गाठोड्यात बांधून बोडीच्या पाण्यात टाकले. मी भेली. म्हटलं, बाबा, माझी भुजली पण गेली काय? बाबा म्हणे, "देव सोडले आपण. माणूस सोडा असं कोणी सांगितलं नाही."

तुझ्या घरी मले पाणी वरून मिळे, ओंजळीत. तुझ्या सासूसमोर तूच ओतत होती, मान खाली घालून. अन् मागच्या दारी तूच येऊन माझ्या ताटातला मोहाचा मुठका उचलून खात होती. मी कधी काही म्हटलं नाही. मंग पोरांनी लग्न केलं अन् साऱ्यांना एकदम जात आठवली. तुझ्या माझ्या कानात चाललं ते, पोरांच्या गळ्यात चाललं नाही.

रंजिता म्हणे, "मग आता ती तुमची भुजली आहे की नाही?" मी म्हटलं, ऊन फार आहे, चल.

कपाटात कोंभ फुटले. टाचणीएवढे, पांढरे.


२३ ऑगस्ट
समुद्रात, कोणतं गाव नाही

अल्का म्हणते मायले हे लिहू नका. म्हणून पहिले तेच लिहिते.

काल इस्तंबूल होतं. मोठी मशीद पाहून आम्ही परत आलो, अल्का जहाजावरच होती. खोलीत गेलो तं ती पलंगाच्या काठाले धरून बसलेली, चेहरा चुन्यासारखा. पाठ धरली होती अन् थोडं अंगावरून गेलं होतं. अतुलच्या हातातून चावी पडली. मी त्याले बाहेर ढकललं, जा, डॉक्टरले आण, रंजिताले घेऊन जा. तिले डाव्या कुशीवर निजवलं, पाय उशीवर घेतले. हे मले येते. गावातल्या किती बाया निजवल्या अशा.

मी तिच्या पाठीले हात लावून होती. कळ आली तशी ती ओरडली, "मायऽ वो."

मले ती आई म्हणते. माय तुले म्हणते.

मी 'ओ' दिली नाही. दुसऱ्याच्या हाकेले ओ देत नाही. पाठ चोळत राहिली.

जहाजावर दवाखाना आहे. डॉक्टरीण तरणी पोरगी होती, हात थंड, पण घाई करणारी नव्हती. पोटाले यंत्र लावलं अन् आवाज ऐकवला. लेकराचं काळीज. धान मळताना बैल घाईत आले की कसं धबधब होते, तसं. अल्कानं माझा हात इतका दाबला की पाटल्या रुतल्या. डॉक्टरीण म्हणे लेकरू बरं आहे, पण आता आराम. चढणं-उतरणं नाही, वजन नाही, चिंता नाही. चिंता नाही हे सांगाले त्यांचं काय जाते.

रक्त थांबलं आहे. आज सकाळी तिनं पेज घेतली. तू घाबरू नको. घाबरलीस तं घाबर, पण मंग काही कर.

काल अन् आज मी तिच्याच खोलीत होती. म्हणून दुसरी गोष्ट झाली. माझी खोली झाडाले एक बाई येते, फिलिपाइन्सची आहे, बुटकी, हसरी, तीच टॉवेलाचे हंस करते. तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी तिले बाई म्हणते, ती मले मम्मा म्हणते. ती कपाट पुसाले गेली, तिले टोपली दिसली. पिवळं पडलेलं गवत अंधारात, वर फडकं. तिले वाटलं, म्हातारी झाड कपाटात विसरून गेली, मरून राहिलं बिचारं. तिनं पाणी घालून खिडकीच्या काचेपाशी ठेवलं. पडदा बाजूले केला, चांगलं ऊन लागावं म्हणून.

मी आली तं हिरवीगार.

मी तिले काय काय बोलली ते लिहीत नाही. तिले झाडीबोली येत नाही हे बरं. ती उभी राहून ऐकत होती, हात जोडून. मंग रंजिता आली, तिनं इंग्रजीत समजावलं. बाईच्या डोळ्यात पाणी आलं. ती रंजिताले काही सांगाले लागली. रंजिता म्हणे, "आजी, ती म्हणते तिची आई गावाला आहे, दोन वर्षं घरी गेली नाही. तुमच्या झाडाला पाणी घालताना तिला बरं वाटलं." मी तिले एक लाडू दिला. तिनं तिथंच खाल्ला, उभ्यानं.

हिरव्या भुजलीचं काय करायचं असते, आपल्याले कोणी सांगितलं नाही. अंधारातली भुजली उजेडात आली तं वाया गेली म्हणत. परत कपाटात ठेवू का म्हणून मी दरवाजा उघडला. मंग बंद केला. आता झाली हिरवी तं झाली. खिडकीतच आहे. आणखी बोटभर वाढली.


२५ ऑगस्ट
परत व्हेनिस

आज भुजली.

काल राखीले जहाज डुब्रोवनिक नावाच्या गावी होतं, भोवती दगडी परकोट, लाल कौलं. मी उतरली नाही. अल्काजवळ बसली. रंजितानं तिथून दोरा आणून अतुलले राखी बांधली, बापाले. तिले कोणी भाऊ नाही म्हणून. अल्का हसली. म्हणे, दादाले या वर्षीही पाठवायची राहिली. दुर्गेश, हे तुले सांगून राहिली. दर वर्षी ती राखी घेते अन् पाठवत नाही, तू परत करशील म्हणून. डब्यात आहेत साऱ्या.

आता आजचं. आम्ही उतरलो, अल्काले चाकाच्या खुर्चीत बसवून. तिले लाज वाटत होती. मी म्हटलं, नवरीसारखी बस. दोन घरांच्या मधून पाण्याची गल्ली जाते, तिच्या पायऱ्यांवर आम्ही थांबलो. आमच्यासंगं जहाजावरची एक पोरगी होती, इटलीची, रंजिताएवढी. दोघी दिवसभर संगं राहात, एकमेकींची बोली एकीलेही येत नाही. रंजितानं टोपलीतले चार कोंभ तोडले अन् माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, समजून खोच. एकडाव खोचलं की नाव घेता येत नाही, म्हातारी होतवर. तिनं खोचलं. त्या पोरीनंही तसंच केलं, पाहून पाहून.

मी त्या पोरीच्या मायकडे पाहून राहिली होती. माझे डोळे तिच्यावरून हटत नव्हते. तिनं पोरीच्या कानाकडे पाहिलं, कोंभ नीट बसले नव्हते, ते तिनं नीट बसवले. अन् फोटो काढला. बस. विहीर नाही, राख नाही.

भुजली, मी डोळे पुसले नाही, उन्हानं पाणी आलं होतं.

मंग टोपली पाण्यात शिरवली. गहू, बारीच्या बुढीची माती, तुझ्या बुरडाची टोपली, सारं गेलं. एक नाववाला ओरडला, घाण टाकू नका म्हणत असेल. मी त्याले झाडीबोलीत उत्तर दिलं.

सारं मात्र शिरवलं नाही. एक जुडी काढून ठेवली, ती या पाकिटात आहे. मी पाठवताना हिरवी आहे. पाकिटात अंधार असते, आपल्या सालेकशापर्यंत येतायेता पिवळी होईल, पाहिजे तशी. तू कानात खोच. दुर्गेशसमोर खोच, मागच्या दारी नको. मागच्या दाराचं खूप झालं.

अल्का जानेवारीत मोकळी होईल. मी आता गावी परत येत नाही, जर्मनीत तिच्यापाशी जाऊन राहते. स्वयंपाक मी करीन, शेक-शेगडी मी करीन, रात्रीचं लेकरू मी घेईन. तुले एक काम करायचं नाही. पण ती कळ आली की ती हाक मारेल, अन् त्या हाकेले ओ द्यायचं काम माझं नाही. ते मले करता येत नाही, अन् येत असतं तरी केलं नसतं.

दिवाळीआधी तिकीट काढावं लागते म्हणते अतुल. तुझा पासपोर्ट तुझ्या पेटीत आहे, व्हिजाचं तो पाहील. रुचीच्या पाहुण्यांनी विचारलं, बुढी कुठं गेली, तं सांगायचं, लेकीच्या बाळंतपणाले गेली. हे ऐकून जो पाहुणा उठून जाईल, त्याच्या घरी रुची द्यायची नाही, हे मी रुचीची कोणी नसून सांगते. अन् ती पोरगी मले विचारेल तं तिच्या तोंडावर सांगीन.

तुझं अंजिरी लुगडं मी माझ्या पेटीत घडी करून ठेवलं आहे. चौकोन तुझ्या हातचे आहेत, लेकराच्या अंगाखाली तू टाकायचे.

आता उत्तराचं ऐक. अतुलले फोन करून हो-नाही सांगायचं नाही. दुर्गेशकडून चार ओळी लिहून घ्यायच्या नाहीत, त्याचं अक्षर चांगलं असलं तरी. अल्काले तर मुळीच नाही, तिले चिंता मना आहे. तूच लिही, निर्मलाबाईनं शिकवलं तसं, मोठं मोठं, डोळ्याले दिसेल इतकं. पाकिटावर माझं नाव उदारामले लिहू दे, त्याचं ते काम आहे. आत वरच्या ओळीत ते नाव दिसलं तं मी पुढचं वाचणार नाही, तू येते म्हणून लिहिलं असलं तरी. आत काय लिहायचं ते तुले माहीत आहे. वस्तीच्या तोंडाशी उभी राहून ओरडली होतीस तेच.